दहा पत्ते आणि बर्फमावशी

आदरणीय साडूभाऊ यांस,
धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला आता बसला असेल, ताईंना नवा चष्मा मानवला असेल आणि तुमच्या जिन्यावरचा दिवा त्या माणसाने एकदाचा दुरुस्त केला असेल, असं धरून चालतो. आम्ही इकडे बरे आहोत. बरे म्हणजे, तुमची मेहुणी उत्तम आहे. मला मात्र गेल्या महिन्याभरात जे धक्के बसले, त्यांतून मी अजून पुरता सावरलेलो नाही. अक्षर हललेलं दिसेल, ते त्यामुळेच.

पहिला धक्का. त्या दिवशी आमच्या कचेरीत नळ फुटला आणि भरती विभागात घोट्यापर्यंत पाणी झालं, म्हणून दुपारीच घरी आलो. दार उघडतो तो काय! आपल्या जेवणाच्या टेबलाशी चार माणसं. एक दाढीवाला आडदांड इसम (हा कोपऱ्यावरचा बेकर, हे नंतर कळलं), एक निळ्या केसांची मुलगी, एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, आणि मधोमध तुमची मेहुणी. चौघांच्या हातात रंगीत पत्ते. आणि जी बाई चोवीस वर्षांत माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नाही, ती त्या बेकरकडे बर्फासारख्या थंड नजरेने बघत म्हणत होती, "मारायचं असेल तर आत्ता मारा. पुढच्या खेपेला तुम्ही नसाल." मी छत्रीसकट दारातच बसलो.

मग उलगडा झाला. तुम्हाला ठाऊक आहेच की ती दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. सहा वर्षांपूर्वी हा बेकर दाढेसाठी आला, आत जायची भीती वाटली म्हणून बाहेरच बसून राहिला आणि वेळ काढायला त्याने तिला हा खेळ शिकवला. सहा वर्षं, साडूभाऊ! दर बुधवारी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत ती खेळायला जात होती आणि मला वाटत होतं की ती शिवणाच्या वर्गाला जाते. (घरात एकही नवा अभ्रा का येत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.) तिथे तिला सगळे बर्फमावशी म्हणतात. थरथर कापतात म्हणे.

खेळ मी तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण मला थोडक्यातच समजला आहे. प्रत्येकाने आपल्याकडच्या शेकडो पत्त्यांतून साठ निवडायचे. तो आपला डेक. पत्ते दोन जातींचे. एक दिवे, आणि दुसरे म्हणजे प्राणी, माणसं, राक्षस वगैरे. दर खेपेला एक दिवा लावायचा, आणि जितके दिवे लागलेले असतील तितक्याच ताकदीचा गडी उतरवता येतो. खेळापेक्षा निवड अवघड. मोठ्या स्पर्धेच्या आधीचे आठ दिवस आमच्या टेबलावर पत्ते पसरलेले होते आणि आम्ही ओट्याशी उभ्याने जेवत होतो. अठ्ठावन्न पत्ते पहिल्या दिवशीच ठरले. उरलेल्या दोनांसाठी सात दिवस. एक पत्ता आत घ्यायची, चहा ठेवायची, चहा उतू जायचा, पत्ता बाहेर काढायची. मी एकदा चुकून "झालं का?" असं विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही वर्तमानपत्र वाचा."

आता तुम्हीच सांगा. अठ्ठावीस वर्षं भरती विभागात काढलेला मी. अर्जांच्या ढिगाऱ्यातून माणूस उचलणं हे माझं काम. (कचेरीत माझ्या नजरेचं कौतुक आहे. कोणी तोंडावर केलेलं नाही, पण आहे.) मी त्या साठांवर नुसती नजर टाकली आणि माझ्या काळजात धस्स झालं. साठ जागांपैकी बावीसांवर नुसते दिवे! शिवाय 'विसरभोळा पोस्टमन' नावाचा एक वाकडा म्हातारा, ताकद शून्य, आणि तो एकदा नव्हे, चार वेळा घेतलेला! आणि बाहेर टाकलेल्या गठ्ठ्यात कोण? नऊ ताकदीचा काळा अजगर. नऊ ताकदीचा लोहदैत्य. एवढे गुण असलेले उमेदवार घरी बसवायचे आणि शून्यवाल्याला चार नेमणुका? असा अन्याय मी आमच्या साहेबांच्या भाच्यासाठीसुद्धा केलेला नाही.

पुढचं लिहिताना मान खाली जाते, पण लिहितो. स्पर्धेच्या सकाळी ती केस विंचरत होती. पत्त्यांची डबी टेबलावर होती. मी चारही पोस्टमन आणि सहा दिवे काढून खिशात घातले आणि त्यांच्या जागी दहा तगडे राक्षस भरले. हेतू शुद्ध होता. जिंकल्यावर हळूच सांगेन आणि ती चकित होईल, असं मनात होतं. चकित ती झालीच.

मोठा हॉल, लांब टेबलं, दोनशे माणसं, आणि एवढी शांतता की कुणाच्या तरी पोटातली गुरगुर मला तिसऱ्या रांगेत ऐकू आली. तिच्यासमोर एक बँक मॅनेजर. तिने पहिले सात पत्ते उचलले. पाच राक्षस. तिने बँक मॅनेजरकडे पाहिलं नाही, पत्त्यांकडेही दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मान वळवून तिने थेट माझ्याकडे पाहिलं. साडूभाऊ, आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तिने माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

तिने हात वर करून पंचांना बोलावलं. पंच म्हणजे विशीतली एक मुलगी. प्रत्येक खेळाडूने आपल्या साठ पत्त्यांची यादी आधीच लिहून दिलेली असते (हे मला कोणी सांगितलं नव्हतं) आणि यादीशी डेक जुळला नाही, तर तो डाव गेला. शिवाय यादीतले पत्ते दहा मिनिटांत हजर झाले नाहीत, तर स्पर्धेतूनच बाद. सहा वर्षांचे बुधवार दहा मिनिटांत पाण्यात! मी उठलो. दोनशे माणसांसमोर खिशातून चार पोस्टमन आणि सहा दिवे काढले आणि म्हणालो, "हे मी केलं. यांना काही ठाऊक नाही." ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, दुसऱ्याच्या डेकला हात लावायचा नसतो." आणि मला पाण्याच्या पिंपामागच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. तिथून निम्मंच टेबल दिसत होतं.

तीनपैकी दोन डाव जिंकेल तो पुढे. पहिला माझ्यामुळे गेलेला. दुसऱ्या डावात बँक मॅनेजरने नऊ खेपा दम धरून, नऊ दिवे लावून, घाम पुसत लोहदैत्य उतरवला. लोकांनी श्वास रोखला. तुमच्या मेहुणीने एकही दिवा न खर्चता तो वाकडा पोस्टमन पुढे केला. पोस्टमनचं काम काय, तर समोरचा गडी चुकीच्या पत्त्यावर पोचवणं. गेला लोहदैत्य परत मॅनेजरच्या हातात, आणि लावलेले नऊही दिवे विझले! आणि तिचे उंदीर-कंदील नावाचे एका ताकदीचे चिटुकले गडी आपले दर खेपेला एकेक चावा घेत मॅनेजरचे गुण संपवतच होते. दुसरा डाव तिचा. तिसरा तर पाचव्या खेपेलाच संपला. मॅनेजर बिचारा उठून पाणी प्यायला माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई कोण आहेत हो या?" मी म्हणालो, "माझी बायको," आणि साडूभाऊ, हे सांगताना मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

ती त्या दिवशी दोनशेंत तिसरी आली. घरी परतताना पत्त्यांची डबी तिने स्वतःच्याच हातात ठेवली. कुलूप उघडताना फक्त एवढंच म्हणाली, "तुमच्या कचेरीत असे किती पोस्टमन घरी पाठवलेत हो तुम्ही?"

मला झोप लागेना. सोमवारी नाकारलेल्या अर्जांचा गठ्ठा सोडला. एका बाईंना मी केवळ गुण कमी म्हणून परत पाठवलं होतं. मुलाखतीत त्यांनी मला सांगितलं होतं की तुमचा छापील अर्जच चुकीचा आहे, त्यात जन्मतारखेचा रकाना दोनदा आहे. तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. त्यांना बोलावून घेतलं. बाईंनी आठवड्याभरात माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोंदींमधल्या चाळीस चुका काढल्या. साहेब खूश आहेत. मी कसा आहे, ते विचारू नका.

ताईंना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.
तुमचा,
धाकटा साडू

ता. क. पुढच्या महिन्यात जोडीची स्पर्धा आहे. जोडीदार नात्यातलाच हवा. ती तुम्हाला विचारणार, अशी माझी खात्री आहे, कारण "भाऊजी कसे तोंड मिटून बसतात" असं ती दोनदा बोलली. कृपा करून नाही म्हणा. काहीही कारण सांगा. आणि नाही म्हणताना सहज माझं नाव सुचवा. हे पत्र खरं तर त्यासाठीच.

ता. क. दुसरं. मी बेकरकडे रोज एक तास शिकतो आहे. कालच्या डावात तो माझ्याशी फक्त थोडक्यात जिंकला. (तो पाव भाजता भाजता खेळत होता, हे खरं आहे.)

भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. जोडीत यांचंच नाव मी मागच्या बुधवारी देऊन आले आहे. यांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की हे पत्ते निवडायला बसतील. तेव्हा तुम्ही दोघं आधीचे आठ दिवस राहायलाच या, आणि रोज सकाळ-संध्याकाळ यांना लांब फिरायला न्या. बाकी मी बघते.