गुंडूच्या पायाखालची काठी

७ जानेवारी १९९६, रविवार

गुंडू दिवसभर एका पायावर. दुसरा पोटाच्या पिसांत ओढून धरलेला. मी म्हटलं थंडी आहे, आमच्या चामराजपेटेच्या गल्लीत दहापर्यंत ऊन उतरत नाही. शारदा म्हणाली, "थंडीत पाय आळीपाळीने घेतो तो. हा डावा टेकवतच नाहीय." तिचं लक्ष असतं. पिंजरा माझ्या लाकूड कातायच्या लेथपासून दहा हातांवर, आणि मला दिसलं नाही.

आमची मुलगी लता लग्न होऊन हुबळीला गेली त्याच आठवड्यात पिंजरे विकणाऱ्या करीमसाबनं हा पक्षी पिंजऱ्यासकट आणून दिला होता. कॉकटील, तुऱ्याचा छोटा पोपट. "घर सूना नक्को, राव." चार वर्षं झाली. कुकरची शिट्टी इतकी हुबेहूब काढतो की शा. दोनदा फसून गॅस बंद करून आली होती. गेला आठवडाभर शिट्टी नाही.

९ जाने., मंगळ

शा.नं टॉवेलात धरला, मी चष्मा लावून पाय बघितला. डाव्या तळव्याला मसुराएवढा लाल चकचकीत फोड, मधोमध काळी खपली. उजव्याला फोड नाही, पण तळव्यावरचे बारीक खवले पुसून टाकल्यासारखे. गुलाबी, गुळगुळीत.

मला कडकडून चावला. बरं वाटलं. अंगात जोर आहे अजून.

१० जाने., बुध

जनावरांचा दवाखाना. रांगेत दोन म्हशी, एक लंगडी शेळी, मग आम्ही. डॉक्टरीणबाई लताच्याच वयाच्या असतील. पक्ष्याच्या आधी त्यांनी पिंजऱ्यात डोकावलं.

"ही काठी कुठून आणली?"

मी खुशीत सांगितलं, मीच कातलेली. लाखेचा लाल रंग, लेथवरच चढवलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडीत केसाचाही फरक सापडणार नाही.

"तोच तर त्रास आहे, अण्णा," म्हणाल्या. कन्नडात बोलत होत्या, पण कठीण शब्द एक नव्हता. चार वर्षं तळव्याच्या त्याच जागेवर भार. झाडावर फांदी कुठे जाड, कुठे बारीक, कुठे तिरकी. पाय दर वेळी निराळी पकड घेतो, भार फिरत राहतो. इथे फिरायला जागाच नाही. "तुम्हाला एका दगडावर उभं केलं आणि उतरू दिलं नाही तर?"

औषध कोमट पाण्यात घालून पाय बुडवायचा, मग मलम. तूर्त काठीला मऊ सुती कापड. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया नकोत, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. आणि खऱ्या झाडाच्या फांद्या बसवायच्या, सालीसकट. कुठली झाडं चालतात ते चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. वेळेवर आणलात म्हणाल्या. आणखी महिना गेला असता तर हाडापर्यंत.

ऑटोत शा.नं पिंजरा मांडीवर घट्ट धरला होता.

घरी आलो तर करीमसाबच्या पिंजऱ्यांसाठी केलेल्या तीस काठ्या भिंतीला उभ्या. लाल, पिवळ्या. ऊन पडलं होतं त्यांच्यावर.

११ जाने.

वडील शिकवायचे, काठीवरून बोट फिरवावं आणि बोटाला लाकूड कळू नये. इतकी गुळगुळीत. बावीस वर्षं पिंजऱ्यांच्या काठ्या करतोय. वडलांचं बोट बरोबरच होतं. पण ते माणसाचं बोट.

आज लेथ सुरू केला नाही.

१४ जाने., रवि

मागच्या आवारात शेजारणीची, पुट्टम्माअक्कांची, दोन झाडं. फांदी मागितली तर म्हणाल्या, "होम आहे का?" पक्ष्यासाठी म्हटल्यावर हसल्या, "स्वल्प जास्तच घ्या, सावलीनं माझं अंगण वाळत नाही."

पेरू वाकडातिकडा, गाठीच गाठी. शेजारच्या बटर फ्रूटची, म्हणजे अव्होकाडोची, एक फांदी मात्र बाणासारखी सरळ. तीच कापली. धुतली, टोकं नीट केली, दुपारी पिंजऱ्यात बसवली. छान दिसत होती.

१५ जाने., संक्रांत

सकाळी शा. पुट्टम्माअक्कांना एळ्ळू-बेल्ला द्यायला जाऊन आली. तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे वाटीत तसेच राहिले, कारण आल्यावर तिनं सहज चिठ्ठी उलटी केली. चालतील: पेरू, कडुनिंब, तुती. नकोत: कण्हेर, बटर फ्रूट.

बटर फ्रूटच्या खाली दोन रेघा मारलेल्या.

पिंजऱ्यात फांदीची साल एका जागी कुरतडलेली. नखाएवढी.

फांदी ओढून काढली. कोपऱ्यावरच्या बूथवरून दवाखान्यात फोन लावला, सणाची सुट्टी, कुणी उचलला नाही. गुंडूच्या चोचीला चिकटलेली साल शा.नं ओल्या फडक्यानं पुसली. मग दोघं पिंजऱ्यासमोर बसून राहिलो. पिसं फुगवतोय का, मान टाकतोय का. ती एवढंच म्हणाली, "चिठ्ठी खिशातच होती ना तुमच्या?"

होती. वाचली नव्हती. सरळ फांदी दिसली आणि हात गेला.

१६ जाने.

सकाळी कोथिंबीर खाल्ली. दुपारी पुन्हा. बाई आज फोनवर भेटल्या. काल दिवसभरात काही झालं नाही म्हणजे बहुतेक वाचला, म्हणाल्या. आणखी दोन दिवस लक्ष ठेवा. रागावल्या नाहीत. रागावायला हव्या होत्या.

१९ जाने., शुक्र

आता पेरू. या वेळी शा. बरोबर.

कागदाची पट्टी गुंडूच्या पायाभोवती धरून माप घेतलं. पुढची नि मागची बोटं वेढा घालून एकमेकांना भिडता कामा नयेत, पाऊण वेढा बसावा. एक फांदी त्याहून जाड, एक थोडी बारीक, एक पुढे निमुळती होत जाणारी. अक्कांनी झाडाला कधी औषध मारलेलं नाही, विचारून घेतलं. रस्त्याकडेचा कडुनिंब शा.नं नको म्हटलं, बसचा धूर खातो तो.

नारळाच्या शेंडीनं घासल्या, साबण नाही. वरून उकळतं पाणी ओतलं तर एका गाठीतून मुंग्यांची रांग बाहेर. दुसरीला बारीक भोक होतं, आत किडा असणार, टाकून दिली. तीन उरल्या. गच्चीवर उन्हात.

लाकूड वाळवणं मला शिकवायला नको. पण सालीसकट, गाठीसकट, वाकडं तसंच ठेवणं. हात नुसते शिवशिवतात.

२४ जाने., बुध

लिहायची लाज वाटते. जाड फांदीवर एक टोकदार गाठ होती, पायाला लागेल म्हणून तेवढीच काढू म्हटलं. कानशीनं झालं असतं. लेथला लावली. पटाशी टेकली, साल उडाली, खालचं फिकट लाकूड निघालं, आणि मग काय झालं ते मला खरंच आठवत नाही. भानावर आलो तेव्हा हातात काठी होती. गोल. गुळगुळीत.

शा. दारात उभी. मी म्हटलं, "गाठ काढत होतो."

तिनं काठी घेतली, बंबात घातली. पाणी तापल्यावर म्हणाली, "बरी पेटली." आणि हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

२८ जाने., रवि

दोन वाळलेल्या फांद्या, आणि जळालेलीच्या जागी नव्यानं कापून वाळत घातलेली तिसरी. दोन आज बसवल्या. एका टोकाला बोल्ट, वॉशर, बाहेरून चाकी आवळायची. एक खाली जाड, दुसरी वर जराशी तिरकी. पाण्याच्या वाटीवर एकही नाही, नाहीतर घाण पडते. कापड गुंडाळलेली जुनी काठी तूर्त राहू दिली.

गुंडू घाबरला. जाळीला लटकून राहिला, तुरा ताठ. दुखऱ्या पायानं लटकलेला बघवेना. "काढू का?" मी विचारलं. "राहू द्या," शा. म्हणाली. "त्यानं तरी झाड कुठं बघितलंय?"

३१ जाने.

उतरला! आधी चोचीनं साल सोलली. मग उजवा पाय. मग डावा पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे. गाठीच्या अलीकडे जरा खोलगट आहे तिथे बोटं पसरून ठेवली. फोडावर भार नाही, कडेवर. त्याचं त्यानंच शोधलं. मी इतकी वर्षं लाकूड हाताळलं, ती जागा मी खराबी म्हणून कापून टाकली असती.

४ फेब्रु., रवि

करीमसाब काठ्या न्यायला आले. मी त्यांना गुंडूचा पाय दाखवला, बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकत गेले तसा चेहरा उतरत गेला.

"बावीस साल, राव. अब बोलते?"

"मलाच आत्ता कळलं."

"गिऱ्हाईक लाल-पिवळी काठी बघून पिंजरा घेतं. ही जळाऊ लाकडं घातली तर म्हणतील पिंजरा जुना." मग हात पुढे करून, "तीस तयार आहेत ना? द्या त्या."

"नाही देणार."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. ते उठले. चहा तसाच. आमच्या घरात चहा न घेता गेले असं कधी झालं नव्हतं. त्यांनीच दिलेला पक्षी. त्यांच्या मनाला काय वाटलं असेल.

१२ फेब्रु.

क.साब नाहीत, निरोप नाही. मी लाटणी नि पाळण्याचे खांब कातत बसतो. काम आहे. मन नाही.

गुंडूची खपली पडली. खाली नवी कातडी, फिकट.

१८ फेब्रु., रवि

शा. सकाळी पिशवी घेऊन निघाली. बाजारात म्हणाली. पिशवीतून पेरूची फांदी डोकावत होती, वाळवलेली, बोल्ट लावलेली.

परत आल्यावर कांदे काढता काढता सांगितलं, "करीमभाईंच्या दुकानी गेले होते. म्हटलं, विकू नका. तुमच्या स्वतःच्या पक्ष्यांना लावून बघा, नुसतं बघा."

"काय म्हणाले?"

"ठेवके जाओ भाभी, म्हणाले. तुमची तब्येत विचारली."

२६ फेब्रु., सोम

दवाखाना. जखम भरली. पण डाव्या पायाचं मधलं बोट ताठ आहे, वाकत नाही, कदाचित असंच राहील. बाई म्हणाल्या तेवढ्यावर तो निभावेल. शा.नं त्यांना घरचे लाडू दिले.

संध्याकाळी एक शिट्टी आली. शा. स्वयंपाकघरात पळाली. कुकर चढवलेलाच नव्हता.

३ मार्च, रवि

अकराच्या सुमारास दारात एक मुलगी, कोरमंगलाहून आलेली. नागपूरची, इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत, दोन वर्षं झाली. हातात पिंजरा. "फांदीवाले राव तुम्हीच का? मार्केटमधल्या करीमचाचांनी पाठवलं."

क.साबनं पाठवलं! मी तिला बसवायचंही विसरलो.

पिंजऱ्यात निळा बजरीगर, चिमणीएवढा पोपट. दोन्ही पाय सुजलेले, एका बोटाचं नख गळून गेलेलं. आणि मध्ये लाल काठी, टोकांना पिवळी कडी. ती कडी मीच घालतो, दुसरं कुणी घालत नाही.

मुलगी म्हणाली, "काठी किती सुंदर आहे ना? मी तर त्यावरूनच पिंजरा पसंत केला होता."

शा. माझ्याकडे बघत होती. मी काठी काढून हातात घेतली.

"ही मी केलीय," म्हटलं.

"अय्या! खरंच?" तिचा चेहरा फुलला. तिला कळलंच नव्हतं. म्हणजे परत सांगायला हवं होतं, नीट, सगळं. सांगितलं. पाय कशानं सुजले ते. कुणी सुजवले ते. तिचं हसू हळूहळू गेलं. पक्ष्याकडे बघत राहिली.

"बरा होईल ना काका?"

"नक्की नाही सांगता येत. उद्या सकाळी आधी डॉक्टरांकडे न्या, शारदा येईल बरोबर. फांद्या मी करून देतो."

कागदाची पट्टी घेऊन माप घेतलं. एवढासा पाय. शा.नं टॉवेलात धरला होता. मुलगी मग काही रागानं बोलली नाही. निघताना मात्र दारात थांबून विचारलं, "अशा काठ्या आणखी किती घरांत असतील?"

मी मापाची पट्टी घडी करून खिशात ठेवली.

शा. म्हणते, करीमभाईंना जुनी गिऱ्हाइकं नावानिशी, गल्लीनिशी आठवतात, त्यांना विचारा आणि घरोघर जा. मलाही ठाऊक आहे त्यांना आठवतात. दुपारी चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि ही वही घ्यायला परत आलो, नावं हिच्यातच उतरवून घेईन.