दुसरी तार

बाबा, काल दुपारी पडद्यावरची रेघ सरळ झाली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे कुठली रेघ ते आधी सांगायला हवं.

मेंदूतल्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. शेजारच्या पेशीने सोडलेलं रसायन येऊन चिकटलं की ते उघडतात आणि विजेचा अगदी इवलासा प्रवाह आत शिरतो. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीला लावून असा एकच रिसेप्टर उघडताना पकडायचा, हे माझं काम. बंगळूरच्या प्रयोगशाळेत सहा महिने मी हेच करत होते आणि सहा महिने पडद्यावर फक्त विजेच्या मेन लाइनची घरघर दिसत होती, सेकंदाला पन्नास लाटा. माझा रिसेप्टर तिच्याखाली बुडालेला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत एकही नोंद मिळाली नाही तर हा विषय दुसऱ्याला देऊ. मी "ठीक आहे" म्हटलं. ठीक नव्हतं.

घरघर घालवायला मी एकेक अर्थिंगची तार वाढवत होते. सूक्ष्मदर्शकाला, टेबलाला, भोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याला तर दोन. काल सकाळी त्या गुंत्याकडे बघत उभी असताना मालवणच्या बाजारातलं आपलं दुकान आठवलं. अठ्ठ्याण्णवचा मे महिना. काउंटरवर खाऱ्या हवेने गंजलेले होड्यांवरचे रेडिओ, सोल्डरिंगचा धूर. दशावतारी कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर उघडा पडलाय आणि स्टुलावर त्यांचा पेटीवाला बसलाय. आदल्या दिवशी तुम्ही नीट करून ठेवलेलं मशीन आता चालू केल्याबरोबर घुमतंय.

"मास्तरानू, हो भोंगो आमच्या राजापरास मोठ्यान गुणगुणता," तो म्हणतो. "तेका मुकुट घालू काय?"

"बस रे. पयलो तेका गप करतंय, मगे घाल मुकुट."

तुम्ही अर्थिंगच्या सगळ्या तारा सोडवता. मग एकेक परत जोडता, प्रत्येक वेळी कान देऊन. शेवटी एक हिरवी तार हातात उरते, आणि मशीन गप्प असतं.

"ही कोणी लावल्यान गो?" तुम्ही मला विचारता.

"माका म्हायत नाय."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघता. "अर्थिंग एकाच जाग्यार देवचा. दोन जाग्यांर दिलंस काय मशीन घुमतला." तार बोटाभोवती गुंडाळून माझ्या हातात ठेवता. "ही तुझ्याकडेच ठेव."

"काय झाल्ला मशीनाक?" पेटीवाला विचारतो.

"आमच्या चेडवाक इचार," तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणता.

मी मान खाली घालून ती तार कंपासपेटीत टाकते.

काल मी माझ्या सगळ्या तारा सोडवल्या. अकरा निघाल्या. एका जाड पितळी बोल्टवर एकेक परत आणली, प्रत्येक वेळी पडदा बघून. आठवी जोडली आणि लाटा उसळल्या. तिचं दुसरं टोक टेबलामार्गे आधीच जमिनीला पोचलं होतं, म्हणजे अर्थिंग दोन जागी झालं होतं. ती काढली, उरलेल्या तीन जोडल्या. रेघ सपाट झाली, भरती उतरल्यावर तारकर्लीची वाळू असते तशी. दुपारी नळी पेशीला लागली, आणि रेघ एकदम एक पायरी खाली उतरली, तिथे थांबली, परत वर आली. पुन्हा खाली. प्रत्येक पायरी तेवढ्याच उंचीची. एकच रिसेप्टर, उघडतोय आणि मिटतोय. मी चाळीस वेळा मोजलं, मग बाईंना बोलावलं. त्यांनीही पायऱ्या मोजल्या.

"विषय तुझाच," त्या म्हणाल्या. "पण हे तारांचं कुठे शिकलीस?"

"वडिलांकडे. ते रेडिओ दुरुस्त करायचे."

हे वाक्य मी इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. मला चाललं.

पितळी बोल्टवरून भिंतीतल्या अर्थिंगला जाणारी एकमेव तार हिरवी आहे. इतकी वर्षं ती कंपासपेटीत होती. हा कागद प्रयोगाच्या वहीत ठेवणार आहे, कालच्या पानाला लागून, कारण त्या पानावर एक गोष्ट लिहायची राहिली. पेटीवाला यायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही जेटीवर होडीचा वायरलेस बघायला गेला होतात. तुमचं काम आणखी पक्कं करावं म्हणून मी मशीन उघडलं होतं. ती दुसरी तार मीच लावली होती, बाबा.