काळ्या कागदाचं तळं

१४ नोव्हेंबर

तळ्याच्या हद्दीसाठी चुन्याच्या फक्कीची रेघ मारत मागे मागे सरकत गेलो आणि थेट सासूबाईंच्या भाजीच्या वाफ्यात बसलो. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. येऊन दोनच दिवस झालेत, पण इतकं मोकळं हसू शहरातल्या त्या दोन खोल्यांत कधी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांनी हात देऊन उठवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, की नकाशात वाफा दाखवला होता की नव्हता.

तळ्याचा नकाशा माझा. इतकी वर्षं ऑफिसात बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढले. जमिनीवर स्वतः रेघ मारायची ही पहिलीच वेळ. इथल्या विहिरीला थंडीत पाणी भरपूर आणि उन्हाळ्यात ठणठणाट. थंडीत उपसून तळ्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात त्यावर झाडं जगवायची, एवढंच काम. नोकरी सोडली, खोल्या सोडल्या. बायकोला चौथा महिना लागलाय, तिला माहेरची माणसं जवळ हवीत. घरजावई म्हणून कोण काय बोलेल ते बोलो. मेहुण्याने तर आल्या आल्या माझं बारसं उरकलं. मी आता इंजिनिअरसाहेब.

२९ नोव्हेंबर

खोदाई संपत आली. मशीनवाला दिवसभर माती उपसतो आणि चारही बाजूंना बांध रचतो. मेहुणा बांधावर उभा राहून त्याला चुका दाखवतो, मी मेहुण्याला बरोबर म्हणतो, मशीनवाला दोघांकडे लक्ष देत नाही. काम उत्तम चाललंय.

पूर्वेकडे मी सिमेंटच्या पायऱ्या दाखवल्या होत्या. सासऱ्यांनी नकाशा डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला, मग खिशातलं पेन काढून पायऱ्यांवर फुली मारली. म्हणाले, पाणी साठवायचंय, लोकांची आंघोळीची सोय करायची नाही. कुंपणही उडवलं. कुंपण चोरासाठी असतं आणि पाणी कोणी खांद्यावर टाकून नेत नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यापुढे वाद घालणं जमत नाही. ते आवाज चढवत नाहीत.

१८ डिसेंबर

आज कागद अंथरला. कागद नुसता म्हणायला. असतं ते जाड काळं प्लास्टिक. उतारावरून तळापर्यंत अंथरायचं, सांधे गरम करून चिकटवायचे, कडा बांधावरच्या चरात पुरायच्या. घडी उलगडली तेव्हा सगळा खड्डा एका क्षणात काळा झाला.

मी अनवाणी आत उतरून पाहिलं. कोरड्या कागदावरून चढता येतं. अर्ध्यावर आलो तर मेहुण्याने वरून बादलीभर पाणी सोडलं. घसरत तळाशी. पुन्हा चढलो, पुन्हा बादली. बायको बांधावर बसून टाळ्या वाजवत होती. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, नखं रुतत नाहीत, धरायला काही म्हणजे काही नाही. शेवटी दोर टाकून मला वर घेतलं. तो दोर कोपऱ्यातल्या लोखंडी आकड्याला कायमचा बांधून ठेवावा, असं मी सुचवलं. सासरे बरं म्हणाले.

५ जानेवारी

तळं भरलं. मधोमध तीन पुरुष बुडतील एवढं पाणी. सकाळी त्यावर आकाश दिसतं. मी केलेली ही पहिली खरी वस्तू.

दुपारी एक भटकं कुत्रं पडलं. कडेकडेने पोहत राहिलं, प्रत्येक कोपऱ्यात पुढचे पाय टेकवायचं आणि घसरायचं. मी जाळी आणायला निघालो तर मेहुण्याने अडवलं. बघू तरी किती दम आहे, म्हणाला. सासऱ्यांना फक्त कागदाची काळजी होती, ओरखडे पडतील म्हणून. कुत्र्याने बऱ्याच फेऱ्या मारल्या. त्याच्या नाकाचा आवाज येत होता. मग मेहुण्याने स्वतःच जाळी टाकून काढलं. ते हलेना तेव्हा त्याने कोणी चिमटा काढल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाला, इंजिनिअरसाहेब, तुमच्या तळ्याने बोहनी केली.

मी हसलो. हे इथे लिहून ठेवतो.

१२ जानेवारी

आज माझी पाळी होती. सगळे बांधावर उभे होते, मेहुण्याने खांद्याने ढकललं. मला पोहता येतं ते कामापुरतं. पाणी इतकं गार की छाती आवळली. कोपऱ्यापर्यंत गेलो, तर दोर वर ओढलेला. मेहुणा दोराचं टोक हलवून दाखवत होता. एक फेरी मारा मग देतो. मारली. दुसरी. मग दिला.

बायकोने अंगावर शाल टाकली, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. तिने सांगितलं, लहानपणी बाबा तिला आणि मेहुण्याला विहिरीत सोडायचे आणि शिडी काढून घ्यायचे. जो रडेल त्याला शिडी उशिरा. ती सांगताना खूश होती. दादा कधीच रडला नाही, म्हणाली. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे त्यांच्या घरात म्हण म्हणून सांगत नाहीत. तसंच करतात.

२२ जानेवारी

पुन्हा. परवा संध्याकाळची वेळ. ढकललं, दोर वर, थोडं हसू. मग सासूबाईंनी जेवायला हाक मारली आणि सगळे आत गेले.

आधी वाटलं, लपून बघत असतील. मी मुद्दाम हसलो. मग नाव घेऊन हाका मारल्या. विहिरीकडून येणारा पाइप पाण्यावर हातभर पुढे आलेला आहे, तो मिळाला म्हणून — त्याला लोंबकळून राहिलो. बोटं मेली. खिडकीत दिवा लागला. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

एक ताट उरलं तेव्हा सासूबाईंच्या लक्षात आलं.

ते विसरले होते. ठरवून केलं असतं तर बरं झालं असतं. मेहुणा कपाळावर हात मारून म्हणाला, विसरलोच की हो जावईबापू. दोन दिवस आल्या-गेल्याला ही गोष्ट सांगतोय. गोष्ट त्या ताटापाशी आली की सगळे एकदम हसतात. बायकोसुद्धा.

२४ जानेवारी

मेहुण्याने पाइप कापून आखूड केला. लांब टोक पाण्याच्या जोराने हलतं आणि बांधाची माती ढिली होते, हे कारण. कारण खोटं नाही.

३० जानेवारी

जेवताना सासरे बोलले. बाळाने मान धरली की पहिल्यांदा तळ्यात. हात खाली धरून, मग हात काढून. लहान जीव आपोआप तरंगतो, म्हणाले. तुमच्या बायकोला मी असंच शिकवलंय, विचारा.

मी बायकोकडे पाहिलं. ती भाकरी मोडत होती. म्हणाली, हो, खरंच.

मी नाही म्हणालो. माझ्या मुलाला नाही. मेहुणा ताटावर वाकून हसायला लागला. पोर बापावर गेलं तर पाइप पुन्हा लांब करावा लागेल.

२ फेब्रुवारी

बायकोला म्हटलं, निघू. कुठे, तिने विचारलं. खोल्या गेल्या, नोकरी गेली. मग शांतपणे म्हणाली, तुला जायचं तर जा. बाळ इथेच होईल आणि इथेच राहील. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. इतका काय घाबरतोस, म्हणाली. आम्ही मेलो का?

५ फेब्रुवारी

तळ्याकडे जात नाही. तरी ओला कागद हातांना लागतो — जेवताना, झोपेत. बाळाची बोटं केवढी असतात. त्यांना नखं तरी —

सासऱ्यांना पुन्हा विनवलं. निदान पायऱ्या. ऐकून घेतलं. म्हणाले, घाबरट बापाचं पोर घाबरट निघतं, ते आम्ही होऊ देणार नाही.

९ फेब्रुवारी, दुपार

सगळे बायकोला घेऊन डॉक्टरकडे गेलेत. परतायला अंधार होईल. घरी मी आणि मेहुणा.

पंपाच्या नळाची जाळी तुंबली म्हणून तो पाण्यात उतरला. उतरताना स्वतःच दोर नीट खाली सोडला, मला तो पकडून थांबायला सांगितलं. जाळी साफ केली. पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा दोर बांधावर होता.

मी ओढला. हातांनीच ओढला.

तो मोठ्याने हसला. "शिकले म्हणायचं जावईबापू." खूश होता. दोन फेऱ्या मारून दाखवल्या, एक पाठीवर.

वही बरोबर होती, पाण्याची पातळी लिहायला. बांधावर बसून लिहितोय. दोर मांडीवर.

बास आता, म्हणतोय. पाणी गार आहे.

मी म्हटलं, बाळाला टाकणार नाही म्हण. तो म्हणाला, आधी होऊ तर द्या, टाकण्याजोगं आहे का बघू. हसताना पाणी प्याला. खोकला आला.

नंतर

म्हणाला. टाकणार नाही. मग आईची शपथ घेतली. मग बाळाची.

मी दोर सोडायला उठलो. आणि आठवलं, त्या संध्याकाळी पाइपाला लोंबकळताना मीसुद्धा काहीही कबूल केलं असतं. बाहेर आल्यावर कोण —

बसलो.

नंतर

शिव्या देत होता. आता नाही. कोपऱ्यात येतो, हात टेकतो, घसरतो. दुसऱ्या कोपऱ्यात. मला दादा म्हणाला. वयाने तो मोठा आहे.

मी दोर मांडीवर नीट गुंडाळला. त्याला वाटतंय मी दोर सोडतोय. मान वर करून बघतो.

सोडेन. एवढी फेरी झाली की —

ऊन उतरलं. आता तो माझ्याकडे बघत नाही. "बाबा, शिडी." दोनदा म्हणाला. अगदी हळू. रडला नाही —

सोडतो आता. अजून थोडं —

१० फेब्रुवारी

सकाळी मशीनवाल्याने गळ टाकून त्याला काढलं. कागदाला कुठे ओरखडा नाही. बायको आतल्या खोलीत, दार लावून. सासूबाई घराच्या पायरीवर बसून आहेत.

सासरे बांधावर आले. आकड्याला गुंडाळलेला दोर चाचपून पाहिला. कोरडा होता. मी कुठे होतो, विचारलं. इथेच, म्हटलं. किती वेळ, विचारलं. अंधार पडेपर्यंत.

त्यांनी मान हलवली. "लहानपणी याहून जास्त टिकायचा."

मग माझ्याशेजारी बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खांद्यावर हात ठेवला आणि मला अरे म्हणाले. त्यांचे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणाले. घरात एक तरी माणूस असा लागतो, जो काठावर नुसता उभा राहू शकतो. बाळाला पाण्यात तूच सोड.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बरं म्हणालो.