गुंडूचं रीडिंग

३ फेब्रु., मंगळ
आज गुंडू माझ्यावर धावून आला. पाण्याची वाटी बदलत होतो, फुस्स केलं आणि मनगटावर तोंड मारलं. दोन थेंब रक्त. लागलं कमी, अपमान जास्त. महिन्यापूर्वीपर्यंत हाच अजगर निखिलच्या गळ्यात पडून टीव्ही बघायचा. परदेशी जात, बिनविषारी, नोंदणीचा कागद कपाटात. पोरगा गुजरातेत दहेजला नोकरीला गेला, जाताना एवढंच म्हणाला, "पप्पा, सांभाळाल ना?" आणि हे असं.

५ फेब्रु., गुरु
उंदीर दिला. फ्रीजरमधला, कोमट पाण्यात बर्फ सोडवून. (वरच्या कप्प्यात ह्याचे उंदीर, खाली सुनंदाचे बोंबील. त्यावरून आमचं नवरा-बायकोचं भांडण वेगळं.) ढुंकून बघितलं नाही. सलग तिसरा नकार. नाक पेटीच्या काचेवर घासतोय, पुढचे खवले लाल झालेत.
रीडिंग मात्र सगळी ठीक. उबेची बाजू ३२, थंड बाजू २७, दमटपणा ६०. बॉयलरवर तीस वर्षं दर तासाला रीडिंग घेतली, एक तास चुकवला नाही. रिटायर झालो म्हणून काय झालं? इथेही वही केलीय. सकाळी सहा ते रात्री दहा. झाकण उघडायचं, तापमान, मग त्याचं लपायचं मडकं उचलून आत गुंडू कसा आहे, टॉर्च मारून डोळे. आकडे बरोबर असताना बिघाड होत नसतो. मग?

७ फेब्रु., शनि
कारखान्यांचा वास? पण तो तर आमच्या सरावलीत कायमचाच. शेजारच्या गाळ्यात नवं प्रेस मशीन आलंय, फरशी धडधडते, ते? पेटीखाली फोम घातला. कात टाकायची वेळ? पण तेव्हा डोळे दुधी होतात, ह्याचे तर स्वच्छ. सुनंदा म्हणते, "त्याला निखिलची आठवण येत असंल. मला नाय येत का?" 
आजपासून दर अर्ध्या तासाला रीडिंग. बॉयलरची कुरकुर ऐकू आली की लक्ष वाढवायचं, आम्ही असंच शिकलो.

८ फेब्रु., रवि
निखिलला सांगितलं, मस्त खातोय. सापासाठी पोराशी खोटं बोललो. लाज वाटली. तो म्हणाला, "पप्पा, ठेवतो. सकाळपासून चौथा फोन आहे तुमचा."
गुंडू दिवसभर काचेवर चढत पडत होता.

१० फेब्रु., मंगळ
पालघरला डॉक्टरांकडे. उशीच्या अभ्र्यात गुंडू, अभ्रा बादलीत, बादली मांडीवर. रिक्षावाल्याला सांगितलं, मासे आहेत.
तोंड साफ, फुप्फुस साफ. मी वही पुढे केली, जरा ऐटीतच. डॉक्टर सापापेक्षा वहीच जास्त वेळ बघत बसले. "काका, दिवसातून तीसेक वेळा तुम्ही ह्याचं छप्पर उचलता?"
"रात्री नाही घेत," म्हटलं.
ते हसले नाहीत. "हा लपून जगणारा प्राणी आहे. दर वेळी त्याला वाटतं, कोणीतरी खायला आलं."
सांगितलं, सहा दिवस पेटीवर कापड. सकाळी फक्त पाणी. मडक्याला हात नाही.
म्हणजे काळजी घेतली म्हणून आजारी पडला? डोकं चालेना. डॉक्टर लहान आहेत वयाने. पण…

१३ फेब्रु., शुक्र
तिसरा दिवस. हाताला चैन नाही. बेटेगावपर्यंत चालत गेलो, परत आलो, काम काहीच नव्हतं. आत मेला असेल तर? कापडाचा कोपरा धरलाही होता. सुनंदा मागे उभी. "रिटायर तुमी झालाय ना? मग त्याला कशाला ड्युटी लावताय?"
सोडला कोपरा. राग आला तिचा. खरं म्हणजे रडू येत होतं.

१५ फेब्रु., रवि
निखिलला सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडला नाही. मग म्हणाला, "पप्पा, बारावीला तुम्ही दर तासाला माझ्या खोलीचं दार उघडायचात."
"मग? अभ्यास करतोस का बघायला. मार्कही चांगले पडले."
"मी पुस्तक समोर धरून दाराकडे बघत बसायचो."
रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणूनच एवढ्या लांब दहेजला गेलास का, विचारणार होतो. 

१७ फेब्रु., मंगळ
काल संध्याकाळी उंदीर आत ठेवला, कापड सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, सकाळी नऊपर्यंत बघू नका.
पहाटेपासून पेटीसमोर. आत एकदा काहीतरी सरपटलं, मडकं हललं. खाल्लं म्हणून? की परत काचेवर? काही कळत नाही. आता सुनंदालाही राहवेना. "बघा ना वाईच."
नाही बघितलं.
पावणेनऊला फोन वाजला. निखिल. महिन्यात पहिल्यांदा त्याने आपणहून केला. "खाल्लं?"
"माहीत नाही रे. उघडलं नाही अजून."
 मला वाटलं, ठेवतो म्हणेल.
मग म्हणाला, "थांबतो मी."
दोघंही नऊ वाजायची वाट बघत फोन धरून बसलो.