तू ओतून दिलेलं तीर्थ

अक्का, तू माझी आई. पण मामांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच तुला अक्का म्हणायचे, म्हणून मीही तेच शिकलो. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता केलगेरीच्या बाजूला राहतो, आंब्याच्या बागांत औषध मारायची कामं घेतो. हाताखाली आठ माणसं आहेत. काल त्यांना तुझी गोष्ट सांगितली, पण पुरी सांगितली नाही. म्हणून लिहायला बसलो.

मोहोर आला की अप्पा अळणावरच्या आसपासच्या बागांत पाठीवर पंप घेऊन जायचे. संध्याकाळी परतले की तू त्यांना पुढच्या दारानं आत येऊ देत नव्हतीस. परसात बादली, साबण आणि धुतलेली लुंगी तयार असायची. अंघोळ होईपर्यंत देवाला नाही, घागरीला नाही, तंबाखूच्या डबीलासुद्धा हात लावायचा नाही. शेजारची काकू भिंतीवरून विचारायची, "नवरा आहे का सुतकी गं तो?" तू म्हणायचीस, "सुतक तेराव्याला फिटतं. हे फिटत नाही." हे तुला कुणी शिकवलेलं नव्हतं. एकदा अप्पांच्या कपड्यांचं पाणी तू जाईच्या बुडाशी ओतलंस, आणि ते पिऊन आपली कोंबडी पिल्लांसकट पाय ताठ करून पडली. त्या दिवसापासून ते कपडे वेगळ्या दगडावर, काठीनं उलटेपालटे करून धुतले जाऊ लागले आणि पाणी लांब खड्ड्यात जाऊ लागलं. पण त्याआधीची कित्येक वर्षं तुझे उघडे हात त्यात होतेच. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडायच्या, मोहोराच्या दिवसांत डोकं जड व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. तू म्हणायचीस, वारं लागलंय. अप्पांचा चहाचा कप हातात थरथरायचा, तर ते हसून म्हणायचे, "आपल्याला बशीच बरी." दवाखान्यात कुणी ह्याचा फवारणीशी संबंध जोडला नाही. कोंबडी मेल्यावर तू जोडला होतास.

मी वीस वर्षांचा होतो. अप्पांबरोबर दोन मोसम फवारणीला गेलो होतो. महाशिवरात्रीला ओढ्यावरून अभिषेकाचं पाणी आणायला भांडी हवी होती. बागेत एक पांढरा कॅन रिकामा पडला होता, पाच लिटरचा, घट्ट झाकणाचा. मी तो आणला, राखेनं घासला, चिंचेनं घासला, तीन दिवस उन्हात ठेवला. त्यावरचा कागद सोलून काढला, विषाची खूण असलेल्या लाल त्रिकोणासकट. घरात तो कागद वाचता येणारा मी एकटाच होतो. माझ्या मनात एवढंच होतं, की घरच्या घागरीला दहा हात लागतात, ह्याला कुणाचं उष्टं-खरकटं लागलेलं नाही. देवाला ह्याहून कोरं भांडं कुठलं? झाकण उघडून वासही घेतला नाही. देवाला वाहायचं फूल आधी हुंगू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, तेच मी कॅनलाही लावलं.

मग ते देऊळ दिसतं. अभिषेक झाला आहे, पिंडीवरून आलेलं पाणी घंगाळात आहे, गुरवाच्या हातात पळी आहे आणि समोर लहान मुलं ओंजळ करून उभी आहेत. तू पदरात बेल घेऊन उशिरा येतेस. घंगाळाशेजारचा कॅन पाहून थांबतेस. तो उचलतेस, झाकण काढतेस आणि नाकाशी नेतेस. देवळातल्या कुणालाही वास आला नव्हता. तुझ्या हातांना तो वीस वर्षं येत होता. तू बेल खाली टाकलास आणि दोन्ही हातांनी घंगाळ उलटं केलंस. पाणी पायरीवरून गटारात गेलं.

"अक्का, तीर्थ आहे ते!" गुरव ओरडला.

"ह्या कॅनात औषध होतं. झाडावर मारायचं."

"देवावरून आलंय. देवाला काही होतं का?"

"त्याला काय व्हायचंय? तो हलाहल पिऊन बसलाय. ह्या पोरांनी कधी प्यालंय?"

एका म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला, "एनव्वा, एन माडिदी नी! काय केलंस गं बाई हे!" मागून कुणीतरी विचारलं, कॅन आणला कुणी? मी खांबाला टेकून उभा होतो. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, "मी आणला. चुकलं माझं."

त्या वर्षी तुला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तीर्थ जमिनीवर ओतणारी बाई, असं पाणवठ्यावर बोललं जायचं. तू म्हणायचीस, "बरंय, तेवढाच पायांना आराम." पण पायांना आराम तू दिलास कुठं? दुसऱ्याच दिवशी कोयता घेऊन घरातले कॅन फोडलेस आणि मग फवारणीवाल्यांच्या घरोघर निघालीस. कुणी बस म्हटलं नाही तर अंगणात उभी राहून सांगायचीस, की ह्यात तेल भरू नका, ताक भरू नका, फोडून टाका. मला रागावली नाहीस. संध्याकाळी चुलीपाशी एवढंच म्हणालीस, "देवाला द्यायच्या आधी वास घ्यावा माणसानं. पाप लागलं तर माझ्या नावावर घाल." तुझ्याइतकं धीट माणूस मी नंतर पाहिलं नाही, आणि तुझ्याइतकी देवाची जाणसुद्धा.

माझी माणसं हातमोजे घालतात, पण उकडलं की काढून कमरेला खोचतात. मग मी पंप बंद करायला लावतो. काल त्यांतल्या एकानं रिकामा कॅन धुऊन त्यात प्यायचं पाणी भरून आणलं होतं. मी तो कोयत्यानं फोडला. "अण्णा, कोरा होता की वो!" तो म्हणाला. तेव्हा मी त्यांना बसवून सांगितलं, की आमच्या गावात एका पोरानं असाच कॅन देवळात नेला होता, आणि माझ्या आईनं तीर्थ ओतून दिलं. "वाघीणच म्हणायची तुमची आई," एकजण म्हणाला. मला फार बरं वाटलं. मग दुसऱ्यानं विचारलं, "आणि ते गाढव कोण वो, कॅन नेणारं?"

"होता एक," मी म्हणालो.

गावातही मी कधी सांगितलं नाही. तू असताना नाही, तू गेल्यावरही नाही. दर शिवरात्रीला त्या पायरीवर उभा राहून सांगायचं ठरवतो आणि तीर्थ घेऊन परत येतो. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं? त्या आठ जणांना वाचून दाखवायला हवं, पण दाखवीन असं वाटत नाही. गाढव म्हटल्यावर सगळे हसले ना, अक्का, तेव्हा मीही हसलो. जरा मोठ्यानंच हसलो.