सहा फ्लास्क आणि एक फितूर

१ जानेवारी, बुधवार
संकल्प: यंदा पीएचडी संपवायची. आठवं वर्ष. विचारणारे नातेवाईकही आता दमले. एक पेपर हवा, त्यावर पहिलं नाव माझं. मार्चअखेर मुदत, नाहीतर विद्यापीठ नारळ देणार. पण प्रश्नच नाही. माझ्या रांगेत सहा फ्लास्क, त्यांत जिवाणू. रोज प्रत्येकातला थेंब नव्या, खारट खाद्यात टाकायचा आणि वहीत सही करायची. तीन वर्षं चालू आहे. हजारो पिढ्या झाल्या. जिवाणू मिठाला सरावणार म्हणजे सरावणारच. शेजारी ज्युनिअरचे सहा, त्याच दिवशी सुरू केलेले, बिनमिठाचे. तुलनेपुरते.

५ जानेवारी, रविवार
गेलो नाही. थंडी. जिवाणूंना कुठे वार कळतो? सही कालच करून ठेवली होती. नियोजन म्हणतात ते हेच.

१२ जानेवारी, रविवार
गेलो नाही. सासूबाई आल्यात. बायको म्हणाली, आज तरी लॅबमध्ये जा की. माझ्या विश्रांतीची घरात कुणाला किंमत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
पेपर लिहून झाला. निष्कर्ष सोडून. ज्युनिअर म्हणाली, दादा, मिठाची चाचणी मी करून देऊ का? म्हटलं, कर. पोरगी गुणी आहे. पिपेट धरायला मीच शिकवलं.

२४ जानेवारी, शुक्रवार
मीटिंग. घात झाला. ज्युनिअरने सगळ्यांसमोर ग्राफ लावला. दादांचे जिवाणू मिठाला सरावलेले नाहीत, माझ्या जिवाणूंसारखेच आहेत, म्हणे. दादा म्हणते आणि गळा कापते! तीन वर्षं खारट खाऊ घातलं, पण मेले मिठाला जागले नाहीत.
पुढे आणखी एक. दोन दिवस उपाशी ठेवलं तर तिचे पटापट मरतात, माझे मजेत जगतात. आमच्या गाईड मॅडम खुर्चीत सरसावून बसल्या. आठ वर्षांत माझ्या कामावर असं पहिल्यांदाच. विचारलं, तुमची रांग कधी उपाशी राहिली का? म्हटलं, एक दिवस नाही, वही बघा. वही बघितली. एकही सही चुकलेली नाही.

२५ जानेवारी, शनिवार
रात्रभर तळमळलो. याचा अर्थ एकच. माझ्या फ्लास्कांना कुणीतरी उपाशी मारतंय. आपल्यातलंच.

२६ जानेवारी, रविवार
फितुराला पकडायची योजना आखली. घरूनच.

२७ जानेवारी, सोमवार
मॅडमना लेखी तक्रार दिली. दाराच्या कार्ड-मशीनची तीन वर्षांची नोंद काढा, अशी मागणी केली. मॅडम म्हणाल्या, नक्की काढू ना? म्हटलं, काढाच.

३१ जानेवारी, शुक्रवार
नोंद आली. ज्युनिअर दर रविवारी सकाळी हजर! मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, बघा, सुट्टीच्या दिवशी हिचं काय काम?
मॅडम म्हणाल्या, फ्लास्कांना खायला घालणं. मग कागद माझ्याकडे सरकवला. दीडशेवर रविवार. त्यांत मी चार. त्यातला एक, छत्री विसरली होती म्हणून.
ज्युनिअरने मान वर केली नाही. नंतर जिन्यात म्हणाली, दादा, मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुमच्या रांगेचं मी करते म्हटलं, तर तुम्हीच चिडलात. मॅडमना मी कधी बोलले नाही.
म्हणजे माहीत असून लपवलं. हाही दगाच की.

२ फेब्रुवारी, रविवार
झोपून होतो. ज्युनिअर, मॅडम, मशीन, सगळ्यांचं समजू शकतो. पण जिवाणूंनी असं करावं? पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. सोमवार ते शनिवार. त्यांनी मात्र एकेक रविवार मनात ठेवला आणि भर मीटिंगमध्ये साक्ष दिली. आज खूप वाईट वाटलं. बायकोला काही सांगितलं नाही.

१० मार्च, सोमवार
पेपर छापायला गेला. विषय: आठवड्यातून एकदा उपास पडल्याने झालेली उत्क्रांती. पहिलं नाव ज्युनिअरचं, मग मॅडमचं. माझं दोनदा शोधलं. मॅडमना विचारलं, प्रयोगात मी कुठेच नाही का? शांतपणे म्हणाल्या, आहात ना. लेखक प्रयोग करतात. जिवाणूंवर जी आपत्ती आली, ती तुम्ही.
बायकोला सांगितलं, पेपरमध्ये माझा मोठा भाग आहे.

३० मार्च, रविवार
उद्या मुदत संपते. सहाला जाग आली. अंघोळ करून सातला लॅबमध्ये. का गेलो, माहीत नाही. एकदा तरी नीट करावं, असं वाटलं. ताजं खाद्य काढलं, सहा नवे फ्लास्क मांडले, पिपेट घेतली.
ज्युनिअर धावत आली. म्हणाली, दादा, थांबा. आज त्यांना खायला घातलं तर सगळा प्रयोग बिघडेल.