पाळण्याची कडी

प्रिय चिंगे,

फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नकोस. सोमवारी तू आणि जावईबापू घराच्या कागदांवर सह्या करणार. त्याआधी हे शेवटपर्यंत वाच. मधेच दूध उतरवायला उठायचं असेल तर आधी उतरवून ये.

रविवारचा सौदा मीच जमवला, हे तू एव्हाना गावभर सांगितलं असशील. जावईबापू तर घरमालक मास्तरांनी आकडा सांगितला की मान डोलवत होते. असल्या माणसाला भाजी आणायलाही पाठवू नये. मी म्हटलं, मास्तर, घर विकताय की आठवणी? आठवणींचे पैसे आम्ही देणार नाही. मग मी किल्लीनं भिंती ठोकत फिरले. न्हाणीघराशेजारी गिलावा पोकळ वाजला. सज्ज्याखाली सळया गंजून बाहेर आलेल्या. जिथं दिसेल तिथं थांबायचं, च्यक् करायचं आणि गप्प राहायचं. सौद्यात गप्प बसणाऱ्याचंच फावतं. मास्तर आपणहून खाली येत गेले. शेवटी बिचारे म्हणाले, बाई, आता ठोकू नका, तुम्ही म्हणाल तो भाव. तू माझा हात दाबलास. मलाही सौद्याची झिंग चढली होती, खोटं कशाला बोलू.

मग ती आतली खोली. तुळईत लोखंडी कडी. मास्तर म्हणाले, घर घेतलं तेव्हापासून आहे, कशाला ठेवली देव जाणे, पण आमच्या दोन्ही पोरांचे पाळणे हिलाच होते. तू पोटावर हात ठेवून हसलीस. म्हणालीस, आई, बघ, आपली सोय आधीच करून ठेवलीय. मी म्हटलं, चला, उशीर होतोय. तू रस्ताभर फुगलीस, म्हणे म्हातारीला कशाचं कौतुक म्हणून नाही.

कडी कशाला ठेवली ते देवाला ठाऊक नसेल तर नसो, मला ठाऊक आहे. ती तुझ्यासाठी होती.

मी बांधकामावर घमेली उचलली हे तुला माहीत आहे. कुठं, ते तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. याच इमारतीवर. तेव्हा तिथं नुसता माळ होता, म्हणून रविवारी रस्ता ओळखू आला नाही. जिना चढताना मनात चरकलं, पण तोंडात सौदा होता. तुझा बाप अंथरुणाला खिळलेला, तू चार महिन्यांची. मुकादम म्हणायचा, पोर घेऊन यायचं तर येऊ नकोस. सिमेंट-वाळूचा माल तेव्हा फावड्यानं कालवायचो, आणि कालवणारी मी. एक दिवस त्यानं सिमेंटची निम्मी पोती गाडीत घालून बाहेर विकायला पाठवली आणि मला म्हणाला, उरलंय त्यात भागव. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो हसला. म्हणाला, पोरीला इथंच झोळी बांध, मिस्त्रीला सांगतो कडी ठेवायला. पण तोंड बंद. मी तोंड बंद केलं. ती तुळई, तो स्लॅब आणि त्याच्यावरचे सगळे मजले माझ्या हातचे आहेत. नुसती वाळू, चिंगे. तू त्याच्याखाली गाढ झोपायचीस.

परवा मी एकटीच मास्तरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते उठून आतल्या खोलीत गेले, वर बघत उभे राहिले. तीस वर्षं त्याच तुळईखाली झोपलेत. बाहेर आल्यावर म्हणाले, ठरलेल्याच्या निम्मे द्या, पण हे कुणाला बोलू नका. माझ्याकडे दुसरं काही नाही, मुलाकडे राहायला जायचंय, आणि त्यानं मोकळ्या हातानं या म्हणून सांगितलेलं नाही. बघ चिंगे, एकही भिंत न ठोकता भाव निम्म्यावर आला. एवढा स्वस्त सौदा मी जन्मात केला नाही. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. दार लावताना ते एवढंच म्हणाले, बाई, तेव्हाच बोलला असता तर.

आता मुद्द्याचं. सही करू नका, हे तर तुला कळलंच. पण पत्र त्याच्यासाठी नाही, तेवढं फोनवरही ओरडून सांगितलं असतं. उद्या सकाळी मी पालिकेच्या इंजिनिअर साहेबाच्या कचेरीत जातेय. कुणी कालवलं, काय घातलं नाही, सगळं लिहून देणार. इमारत रिकामी करतील. चोवीस घरं रस्त्यावर येतील, मास्तर त्यांत पहिले. तुम्ही रविवारी दिलेला इसार त्यांच्याकडून मागायचा नाही, जावईबापूंनाही मागू देऊ नकोस. लोक माझ्या नावानं बोटं मोडतील, ते तुझ्या कानावर येईल, म्हणून आधी माझ्याकडून ऐक. तुझ्यासाठी केलं असं मी तिथं सांगणार नाही, तूही तसं मनात आणू नकोस. मी केलं. चौकशीला बसवून ठेवलं आणि मला यायला दोन दिवस लागले तर घाबरू नकोस. आणि पाळणा लाकडी घे, चार पायांचा, जमिनीवर ठेवायचा. वर काही टांगू नकोस.

तुझीच,
तोंड उघडलेली आई